काल काय खाल्लं, सांगा बाई!

‘गेल्या महिन्याभरात आपण प्रथिनयुक्त पदार्थांचे सेवन किती वेळा केले? (अ) नेहमी (ब) अधूनमधून (क) क्वचित (ड) कधीच नाही.’

मैत्रिणींनो, हा प्रश्न एका छापील फॉर्मवरचा आहे. मी बी.ए. झालेली, घरात रोज दोन वर्तमानपत्रं वाचणारी बाई. तरी ‘अधूनमधून’ कुठं संपतं आणि ‘क्वचित’ कुठं सुरू होतं, हे मला कुणी विचारलं तर मी गप्पच बसेन. मग जिनं शाळेची पायरी चढली नाही, तिनं काय करावं? ती करते ते अगदी शहाणपणाचं असतं. समोरच्या मुलीच्या तोंडाकडे बघते, तिला काय हवंय त्याचा अंदाज घेते आणि म्हणते, ‘‘व्हय की.’’ मुलगी ‘नेहमी’वर खूण करते. झाला सर्व्हे!

आमचा महिलांचा एक छोटा गट आहे, साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात, माणदेशात. घरचं आवरून दुपारच्या वेळात आम्ही चार-पाच जणी वाड्या-वस्त्यांवर जातो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना एक वेळचं ताजं, गरम जेवण द्यायचं आणि घरामागं परसबाग लावून द्यायची, असं काम आहे. पैसे बाहेरच्या एका संस्थेकडून येतात. पैसे आले की फॉर्मही येतात, हे ओघानं आलंच. तसाच हा फॉर्म आला होता. त्या फॉर्मच्या आकड्यांवरून एका धनगरवस्तीचा आहार ‘समाधानकारक’ ठरला आणि पुढच्या वर्षीच्या यादीतून तिचं नाव निघायच्या बेतात होतं. त्या वस्तीवर आम्ही जात होतो. तिथल्या पोरींचे डोळे आणि नखं किती पांढरी आहेत, ते आम्ही बघत होतो.

प्रश्न कसा विचारला यावर कुणाच्या ताटात काय पडणार हे ठरतं, ते मला तेव्हा पहिल्यांदा लख्ख दिसलं. म्हणून आज या विषयावर लिहायला बसले. तुमच्यापैकी कितीतरी जणी अंगणवाडीत आहेत, बचत गटात आहेत, आशाताई आहेत. फॉर्म भरणं तुमच्याही नशिबी आहेच.

आकड्यांचं म्हणाल, तर २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. त्याच्या आधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत तो आकडा ४८ होता. म्हणजे कमी व्हायच्या ऐवजी वाढला. रक्त तपासून हे कळतं, पण का कमी आहे ते सुई टोचून कळत नाही. त्यासाठी बाईशी बोलावंच लागतं. आणि २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या राज्यातल्या साधारण चौघींपैकी एकीला लिहिता-वाचता येत नाही. ज्या तिघींना येतं असं धरलंय, त्यांनासुद्धा ‘सेवन’ आणि ‘वारंवारता’ उमजेलच असं नाही.

सगळ्यात मोठा घोळ शब्दांचा. आमच्याकडे ‘जेवण’ म्हणजे भाकरी आणि कोरड्यास. (कोरड्यास म्हणजे भाकरीबरोबर जे काही लावून खायचं ते, आमटी असो की भाजी. विदर्भातल्या मैत्रिणींना शब्द नवा वाटेल.) सकाळी चहात बुडवून खाल्लेली शिळी भाकरी जेवणात धरत नाहीत. रानात खुरपताना तोंडात टाकलेल्या भुईमुगाच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, हेही नाही. त्यामुळे ‘दिवसातून किती वेळा आहार घेता?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘‘दोनदा.’’ पुष्कळ जणींना तर ‘आहार’ म्हटलं की अंगणवाडीतून मिळणारं पाकीटच आठवतं. ‘‘आहार या महिन्याचा आला न्हाय अजून,’’ असं एकीनं मला ऐकवलं. तिचं काय चुकलं?

‘फळ’ या शब्दाची तर गंमतच आहे. ‘‘मावशी, काल काही फळ खाल्लं का?’’ असं विचारलं की मावशी म्हणतात, ‘‘फळं? घरात कुणी आजारी हाय का?’’ फळ म्हणजे दवाखान्यात नेतात ती सफरचंदं आणि केळी. बांधावरच्या बोरीची बोरं, जांभळं, कवठ, सीताफळ हे फळ नव्हेच. ते ‘असंच खाल्लेलं’. तीच गत डाळीची. ‘डाळ खाता का?’ म्हटलं की ‘नाही’. तूरडाळ विकत आणावी लागते, परवडत नाही. पण हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, हरभऱ्याच्या पिठाचं पिठलं घरात होत असतं. फॉर्मवर मात्र ‘कडधान्ये व डाळी : नाही’. भाजीचं उलटं. आमच्या काही वाड्यांवर नुसतं ‘भाजी’ म्हटलं की पालेभाजीच समजतात. वांग्याला, दोडक्याला ‘कालवण’ म्हणतात. म्हणजे एकाच शब्दाची दोन गावांत दोन उत्तरं, आणि दोन्ही खरी!

म्हणून आम्ही पहिलं काम काय केलं, तर फॉर्म बाजूला ठेवला आणि वस्तीवरच्या बायकांकडून नुसती नावं गोळा केली. चुलीवर काय काय शिजतं? पावसाळ्यात काय, उन्हाळ्यात काय? पायात चप्पल घालून त्यांच्याबरोबर बांधाबांधानं हिंडलो. तांदुळजा, घोळ, पाथरी, चिवळ, शेवग्याचा पाला, हरभऱ्याचा सुकवलेला पाला अशी लांबलचक यादी झाली. या यादीत मला स्वतःला ठाऊक नसलेल्या भाज्याही निघाल्या. एवढं सगळं छापील फॉर्मवर ‘हिरव्या पालेभाज्या (उदा. पालक)’ या एका ओळीत बसवलेलं होतं. पालक आमच्याकडे तालुक्याच्या बाजारातच दिसतो.

आणखी एक बारीकशी गोष्ट. आपल्या मराठीतला ‘ना’ फार लबाड आहे हो. ‘‘पालेभाजी खाता ना?’’ असं विचारलं की समोरची ‘नाही’ म्हणूच शकत नाही. चांगल्या घरची सून ‘नाही’ कशी म्हणेल? आणि ‘‘दूध, दही किंवा अंडी खात नाही का?’’ यावर ‘हो’ आलं तर त्याचा अर्थ काय लावायचा? खातो हो, की खात नाही हो? आणि तिन्हीतलं कुठलं? तीन वस्तू एका प्रश्नात कोंबणाऱ्यांना एकदा वस्तीवर फिरवून आणायला हवं, असं माझं मत आहे. आमच्या कागदावर एका प्रश्नात एकच वस्तू, आणि ‘ना’ला बंदी.

आता काळाचं बघू. ‘गेल्या महिन्याभरात’ हा हिशेब कुणाच्याच डोक्यात नसतो. तुम्ही सांगा बरं, गेल्या महिन्यात मेथी किती वेळा केलीत? पण काल काय शिजवलं ते प्रत्येकीला आठवतं. हे काही आमच्या डोक्यातून निघालेलं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं १९७२ साली राष्ट्रीय पोषण संनियंत्रण विभाग सुरू केला, त्याच्या पाहण्यांमध्येही ‘गेल्या चोवीस तासांत काय खाल्लं’ हे घरोघर जाऊन तोंडी विचारायची पद्धत होती. जाताना ठराविक मापांच्या वाट्या सोबत न्यायच्या आणि बाईला त्या दाखवून ‘यातली कितीएवढी आमटी?’ असं विचारायचं. म्हणजे बाईला लिहिता-वाचता यायला हवं, ही अटच नाही.

फक्त ‘काल काय खाल्लं?’ एवढं विचारून सोडायचं नाही. आधी तिला तिच्या मनानं सांगू द्यायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. मग दिवसाचं बोट धरून पुन्हा चालायचं : उठल्यावर, पाणी भरून झाल्यावर, रानात जायच्या आधी, दुपारी बांधावर, घरी येताना, दिवेलागणीला, निजताना. घड्याळाचा काटा नको. या दुसऱ्या फेरीत चहा निघतो, लेकराच्या ताटातलं उरलेलं निघतं, देवळातला प्रसाद निघतो. तिसऱ्या फेरीत प्रत्येक पदार्थात काय काय घातलं ते. ‘आमटी’ म्हणजे कशाची? नुसतं मिरची-लसणाचं पाणी की त्यात डाळ होती? शेवटी सगळं तिला वाचून दाखवायचं. तेव्हा हमखास एखादी म्हणते, ‘‘आता गं बया, ते राहिलंच की सांगायचं!’’

आठवड्याचं काही विचारायचं असेल, तर ‘सात दिवसांत’ म्हणायचं नाही. ‘‘मागल्या बाजारापासून या बाजारापर्यंत अंडं किती वेळा खाल्लं?’’ आठवडी बाजार हे आमच्याकडचं कॅलेंडर आहे. पण त्यातही एक मेख आहे. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी विचारलं तर ताटात टोमॅटो, वांगी, कोथिंबीर सगळं दिसतं. बाजाराच्या आदल्या दिवशी विचारलं तर नुसती चटणी. म्हणून आम्ही एका वस्तीच्या सगळ्या बायकांना एकाच दिवशी गाठत नाही, वार वाटून घेतो. ‘काल’ घरात लग्न किंवा जत्रा असेल, तर ते कागदावर वेगळं नोंदवतो. आणि उपवास! चतुर्थी, एकादशी, सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार. उपवासाला बाई ‘काल काहीच खाल्लं नाही’ म्हणते, कारण फराळ हा खाण्यात येत नाही. खोदून विचारलं की साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा बाहेर येतो.

इथं मला त्या दहा गटांबद्दल सांगायलाच हवं. जागतिक अन्न व कृषी संघटनेनं २०१६ मध्ये बायकांच्या आहाराच्या विविधतेसाठी एक साधं मोजमाप प्रसिद्ध केलं. सगळ्या अन्नाचे दहा गट पाडायचे : धान्यं आणि कंदमुळं, डाळी-कडधान्यं, दाणे-तीळ वगैरे, दूध-दही, मांस-मासे, अंडी, गर्द हिरव्या पालेभाज्या, पिवळी-केशरी फळं-भाज्या (पिकलेला आंबा, पपई, गाजर, लाल भोपळा), इतर भाज्या आणि इतर फळं. काल यापैकी किमान पाच गट बाईच्या पोटात गेले का, एवढंच बघायचं. तेही चवीपुरतं नव्हे. निदान १५ ग्रॅम, म्हणजे साधारण मोठा चमचाभर.

आता उपवासाच्या ताटाकडे पुन्हा बघा. बटाटा भाजीत जात नाही. साबुदाणा आणि बटाटा हे दोन्ही भाकरीच्याच गटात! खिचडीला तारतो तो दाण्याचा कूट, कारण शेंगदाण्याचा गट वेगळा. हे मी एका बैठकीत सांगितलं तेव्हा बायकांमध्ये केवढा गलका झाला. ‘‘म्हंजे बटाट्याची भाजी आन् भाकरी खाल्ली तर एकच धरायचं व्हय?’’ हो, एकच. चहात पडणारं चमचाभरही नसलेलं दूध दुधात धरत नाही. फोडणीतला लसूण, वरून पेरलेली चार कोथिंबिरीची पानं धरत नाहीत. उलट कारळ्याची, जवसाची, तिळाची चटणी पुरेशी खाल्ली असेल तर तिला आपला मान आहे. माणदेशातल्या बाईनं पिढ्यान् पिढ्या ती खाल्ली आणि ‘नुसती चटणी-भाकरी’ म्हणून तिला कमी लेखलं.

या मोजमापाचा मला आवडलेला गुण म्हणजे वजनकाटा लागत नाही. ‘किती ग्रॅम’ची चौकशीच नको, ‘चमचाभर तरी होतं का’ एवढं कळलं की भागतं. छापील फॉर्मवर भाकरीचं वजन मागितलं होतं. एका घरची भाकरी चंद्राएवढी, दुसऱ्या घरची तळहाताएवढी. त्याचं करणार काय होते, देव जाणे. ज्या उत्तराचं पुढं काही करायचं नाही तो प्रश्न विचारूच नये. बाईचा अर्धा तास म्हणजे तिच्या मजुरीचा अर्धा तास असतो.

पण एक इशारा. हे दहा गटांचं माप एकट्या-दुकट्या बाईसाठी नाही. एका दिवसाच्या ताटावरून ‘ही कुपोषित, ती चांगली’ असा शिक्का मारता येत नाही. काल तिच्याकडे पाव्हणे आले असतील, नाहीतर काल तिला ताप असेल. वस्तीतल्या पुष्कळ बायकांचं मिळून चित्र बघायचं, ते चित्र खरं. आमच्या बैठकीत एका कार्यकर्त्यानं सुचवलं, की ज्यांचे पाच गट भरले त्यांना जेवणाच्या यादीतून कमी करू, तेवढाच खर्च वाचेल. त्या दिवशी मी घरी उशिरा गेले, पण तो ठराव काही होऊ दिला नाही.

वाचता येत नाही म्हणून चित्रं काढा, हा सल्ला आम्हाला सगळ्यांनीच दिला. चित्रं काढलीही, शाळेतल्या एका मुलीनं सुरेख काढली होती. पण चित्र वाचायलाही शिकावं लागतं बरं का! दुधासाठी गाय काढली होती. आजी म्हणाल्या, ‘‘गाय न्हाय आमच्यात, म्हस हाय.’’ आणि विषय संपला. टोमॅटो आणि भोपळा कागदावर एकाच मापाचे होते, त्यामुळे टोमॅटोला कुणी भोपळा म्हटलं, कुणी डाळिंब. मेथीच्या चित्राला ‘‘ही कसली तुळस?’’ हसरा आणि रडका चेहरा काढला होता ‘आवडतं-नावडतं’साठी, रडक्या चेहऱ्याकडे बघून एकीचा जीव कळवळला, ‘‘काय झालं गं तिला?’’ फुली म्हणजे ‘नको’ की ‘हेच हवं’, यावरही दोन तट पडले.

मग चित्रं ठेवली, पण खऱ्या वस्तूंच्या मदतीला. माझ्या पिशवीत आता सुकवलेले पाले, मूठभर हुलगे, मटकी, कारळे, दाणे असतात. फोटो वापरतो ते खऱ्या ताटाचे, आमच्याच वस्तीवरच्या पितळीत वाढलेल्या कोरड्यासाचे. आणि मोजायला चिंचोके. समोर द्रोण मांडायचे, प्रत्येकात एक जिन्नस ठेवायचा, मग बाईला म्हणायचं, ‘‘मागल्या बाजारापासून जितक्यांदा खाल्लं तितके चिंचोके टाका.’’ पेन हातात घेतलं की ज्यांचा हात थरथरतो, त्या चिंचोके कशा भराभरा टाकतात! एका द्रोणातले दोन काढून दुसऱ्यात टाकतात, शेजारणीशी हुज्जत घालतात, ‘‘आगं, मंगळवारी कुठं खाल्लंस?’’ फॉर्मवर कधी कुणी अशी खाडाखोड केल्याचं मी पाहिलं नाही. तिथं एकदा सांगितलं की सांगितलं.

मात्र सगळंच काही चार जणींत बसून विचारता येत नाही. वशाट, म्हणजे मटण-मासळी, हा नाजूक विषय. माळकऱ्याच्या घरात ‘‘मटण खाता का?’’ हा प्रश्न म्हणजे अपमान. म्हणून आम्ही आधी गळ्यातल्या माळेकडे बघतो. दुसरीकडे, सुकट किंवा बोंबील हे गरिबाचं खाणं म्हणून सांगायला लाज वाटते. आणि गरोदरपणात माती खाणं! भाजकी माती, चुलीची माती, पाटीवरची पेन्सिल. अंगात लोह कमी असलं की अशी खा-खा होताना आढळते, हे डॉक्टर सांगतात. हे फार मोलाचं उत्तर आहे, पण सासूसमोर कोण देईल? ‘‘काही जणींना मातीचा वास आला की खावीशी वाटते, तसं होतं का कधी?’’ असं एकटीला, हळू आवाजात, तिच्याकडे न बघता विचारलं तर मान हलते. मिश्रीचंही तसंच.

सासू जवळ असली की सुनेचं उत्तर सासूचंच असतं. यात सासूला दोष देत नाही, आपल्या घराची अब्रू ती राखत असते. आम्ही जोडीनं जातो. एक जण सासूबाईंजवळ बसून हुलग्याचं माडगं कसं करायचं ते विचारते, आणि खरोखर शिकते. तेवढ्यात दुसरी सुनेबरोबर भांडी घासायच्या दगडापाशी जाते.

आणखी एक भीती असते ती कागदाचीच. ‘‘चांगलं खातो म्हटलं तर पिवळं कार्ड जाईल का?’’ ‘‘खात न्हाय म्हटलं तर काय देणार हायेसा?’’ या दोन प्रश्नांवर उत्तर इकडचं तिकडं होतं. बहात्तरच्या दुष्काळात सुकडी आणि मिलो खाल्लेल्या आज्ज्या अजून आहेत. कागद घेऊन कुणी आलं की काहीतरी वाटणार, हे त्यांच्या मनात पक्कं आहे. म्हणून अंगठा घ्यायच्या आधी स्पष्ट सांगायचं : याचा रेशनशी संबंध नाही, नाव वर जाणार नाही, उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका, जेवण बंद होणार नाही. हे घाईघाईनं उरकायचं वाक्य नव्हे. आमच्या कागदावर ते सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्या अक्षरात आहे.

विचारणाऱ्या मुली गावातल्याच, बारावी झालेल्या. त्यांना मी एकच जड शिक्षा केली. प्रश्न पाठ करायचे, आपल्या मनाचा एक शब्द घालायचा नाही आणि उत्तर ऐकून ‘अगंबाई’, ‘छान’ किंवा ‘असं करू नये’ यातलं काहीही म्हणायचं नाही. चेहरासुद्धा कोरा. शिकलेल्या मुलींना उपदेश करायचा मोह फार. पण एकदा का ‘बाळंतिणीनं पालेभाजी खायलाच हवी हं’ म्हटलं, की त्यानंतरची सगळी उत्तरं पालेभाजीचीच येतात. आणि प्रश्न पक्का करण्याआधी तो चार-पाच बायकांना विचारून बघायचा आणि म्हणायचं, ‘‘मी काय विचारलं ते तुम्ही शेजारणीला सांगा.’’ त्या जे सांगतात, तोच आमचा खरा प्रश्न. कितीतरी प्रश्न आम्ही त्यांच्याच तोंडचे उतरवून घेतले.

त्यातला सगळ्यात मोलाचा एका वयस्क मावशींनी दिला. आमचा प्रश्न होता, ‘‘काल रात्री घरात कोरड्यास काय होतं?’’ मावशी म्हणाल्या, ‘‘आसं न्हाय इचारायचं. तू जेवायला बसलीस तवा पातेल्यात किती उरलं हुतं, आसं इचार.’’

मैत्रिणींनो, त्या धनगरवस्तीवर आम्ही हा प्रश्न घेऊन पुन्हा गेलो. छापील फॉर्मवर ज्या घरांत डाळ ‘हो’, भाजी ‘हो’, अंडी ‘हो’ अशा खुणा होत्या, त्या खोट्या नव्हत्या. घरात सगळं शिजलं होतंच. आधी म्हातारा-म्हातारी, मग मेंढरांमागून आलेले पुरुष, मग पोरं, मग सासू जेवली होती. सात महिन्यांची पोटुशी एक मुलगी पातेल्याकडे बोट दाखवून म्हणाली, ‘‘खालचा रस्सा हुता की.’’ अंडं? ‘‘धाकट्या दिराला.’’ फॉर्म घराला विचारत होता, बाईला नाही. एकेका घरात ऐकत गेलो तसतसं बहुतेक सुनांच्या ताटातले गट भाकरी, चटणी आणि एखाद्या कांद्याच्या पुढं जात नव्हते. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून आम्ही संस्थेच्या बाईंना दाखवले. त्यांनी ते शांतपणे वाचले, दोन-तीन आडवेतिडवे प्रश्न विचारले आणि वस्तीचं नाव यादीत राहिलं. त्यांचंही भलं म्हणायला हवं, फॉर्म त्यांनी थोडाच बनवला होता!

अशी माहिती नेऊन कपाटात ठेवायची नाही, वस्तीवर परत सांगायची, असं आम्ही ठरवलंय. समाजमंदिरात जमिनीवर दहा द्रोण मांडले आणि सगळ्यांच्या नावानिशी नव्हे, सगळ्या मिळून किती ते चिंचोक्यांनी दाखवलं. अंड्याचा द्रोण जवळजवळ रिकामा, पिवळ्या-केशरी फळांचाही. सासवा आणि सुना दोन्ही बसलेल्या. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एका सासूबाईंनी हिशेब काढला, की कोंबड्या तर दारात आहेत, अंडी जातात बाजारात, त्यातून तेल-मीठ येतं. सुनेला अंडं दिलं तर तेल कुठून आणायचं? हा प्रश्न काही आमच्या कागदावर नव्हता. त्यावर बराच वाद झाला. शेवटी परसात पपई आणि लाल भोपळा लावायला सगळ्या तयार झाल्या, कारण त्याला बाजारात भाव नाही आणि घरातच खाल्ला जातो. अंड्यांचं मात्र अजून भिजत घोंगडं आहे. पोटुशीपुरतं बाजूला ठेवायचं असं दोन-तीन घरांनी मनावर घेतलंय.

ही फेरी भाद्रपदातली होती, बांधावर हिरवं भरपूर असतानाची. तरी हे चित्र. पुढची फेरी चैत्र संपताना घ्यायची आहे, विहिरी तळाला जातात आणि मेंढरं परमुलखातून परतायची असतात तेव्हा. पुष्कळशी बिऱ्हाडं तेव्हा वाटेवर, पालावरच असतील. तिथं ‘परसबाग’ आणि ‘मागला बाजार’ हे दोन्ही शब्द चालणार नाहीत. पालावर दिवस कशानं मोजतात, ते मुक्कामांवरून मोजतात की आणखी कशावरून, ते आधी त्या बायकांनाच विचारून यायचं आहे. कुणा वाचक मैत्रिणीचं त्या वाटेवर येणं-जाणं असेल तर जरूर कळवा.